मापपट्टी कुणाची?

देहाविषयीचे काही प्रश्न आपल्या घरांतून मोकळेपणाने बोलले जात नाहीत. गेल्या दिवाळीनंतर असाच एक प्रश्न माझ्यापर्यंत आला. नात्यातील एक मुलगी, पंचविशीतली, स्वतः कमावती, विवाह ठरलेला. स्तनाग्राभोवतीचे गडद वर्तुळ तिला लग्नापूर्वी शस्त्रक्रियेने लहान करून घ्यावयाचे होते. तिच्या आईने ही चिंता माझ्या पत्नीस सांगितली व पत्नीने माझे मत विचारले. "निव्वळ खूळ आहे," मी चटकन म्हणालो. पत्नी काही बोलली नाही. पण त्या मौनामुळे विषय मनातून जाईना.

आधी माहिती करून घेतली. या शस्त्रक्रियेत वर्तुळाच्या कडेची त्वचा कड्याच्या आकारात काढतात आणि बटव्याची नाडी आवळावी तशा टाक्याने उरलेली कड आवळून घेतात. बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते. परंतु व्रण कायम राहतो, वर्तुळ पुन्हा पसरू शकते. संवेदना उणावण्याचा आणि पुढे बाळाला पाजताना अडचण येण्याचाही धोका असतो. गर्भारपणात हे वर्तुळ निसर्गतःच मोठे व गडद होते. त्याचे 'योग्य' असे माप नाही. प्रत्येक स्त्रीगणिक ते निराळे. त्यावरील बारीक ग्रंथींना माँटगोमेरी या आयरिश प्रसूतितज्ज्ञाचे नाव आहे. १८३७ साली त्याने त्यांचे वर्णन केले. त्यांच्या स्रावाच्या गंधाला नवजात बालक प्रतिसाद देते, असे २००९ साली फ्रान्समधील संशोधकांना आढळले. ज्याला आपण केवळ रूपाचा भाग समजतो, त्यालाही काम नेमून दिलेले आहे.

मग 'जन्मतः मिळाले ते बदलू नये' असे म्हणावे काय? ते आपल्याला शोभणार नाही. आपल्या घरांतून तान्ह्या मुलींचे कान टोचले गेले, नाके टोचली गेली. आज्यांच्या कपाळावर व हातांवर गोंदण होते. त्यांना कुणी विचारले नव्हते. सुश्रुतसंहितेत तर कापलेले नाक पुन्हा घडविण्याची रीत सांगितली आहे. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याच्या बाजूच्या एका कारागिराने कपाळाच्या त्वचेतून नवे नाक करून दिले. तो वृत्तान्त १७९४ साली लंडनच्या एका मासिकात छापून आला. त्याला कुणी हौस म्हटले नाही. गमावलेले परत मिळविणे निराळे आणि असलेले सजविणे निराळे, असा भेद आपण करतो.

हाच भेद मी एकदा सरकारी लेखणीने केला होता. २००८ च्या सुमारास एका महिला कर्मचाऱ्याचे वैद्यकीय देयक माझ्यापुढे आले. कर्करोगाने तिचा एक स्तन गेला होता. तो पुन्हा घडविल्यावर अखेरीस स्तनाग्र व त्याभोवतीचे वर्तुळही करून घेतले होते. पहिला खर्च मी मंजूर केला. या शेवटच्या टप्प्यावर मात्र 'सौंदर्यवर्धन, अमान्य' असा शेरा मारला. ती विधवा होती. माझ्या टेबलासमोर उभी राहून ती एवढेच म्हणाली, "साहब, इसे देखनेवाला अब कोई नहीं है। मैं देखती हूँ।" मी नियमावर बोट ठेवले. नियम होताही. पण ती गेल्यावर लाज वाटली, ती आजही उतरलेली नाही.

त्या बाईची दृष्टी तिची स्वतःची होती. मग या मुलीची उसनी आहे, असे मी कशावरून म्हणतो? तिने मोबाइलवरील चित्रे पाहून स्वतःला मोजले असेल. पण मोजण्याची सवय मोबाइलने लावलेली नाही. 'गोरी, सडपातळ, नाकीडोळी नीटस' अशा अटी वधूसाठी आम्हीच लिहिल्या आणि कांदेपोह्यांच्या ताटलीमागून तिला न्याहाळले तेही आम्हीच. पट्टी आमच्याच हाताने तिच्या हाती गेली. आता तिने ती देहाच्या झाकलेल्या भागाला लावली, की आम्ही दचकतो.

तरीही सारे सारखेच, असे मला वाटत नाही. उसनी इच्छा काळापुढे टिकत नाही, स्वतःची टिकते. म्हणून तिला 'नको' म्हणण्याऐवजी 'थोडी थांब' म्हणावे. लग्नाची तिथी उलटल्यावर, मुलांना पाजण्याचा विचार करून झाल्यावरही तिला तेच हवे असेल, तर ते तिचे. मात्र न पाहिलेल्या नजरेच्या भयाने ती टेबलावर झोपणार असेल, तर शस्त्रक्रिया त्या भयावर व्हावयास हवी. आणि तिची जबाबदारी होणाऱ्या नवऱ्याची व आम्हा वडीलधाऱ्यांची आहे.

हे मी पत्नीस सांगितले. तिने ते आपल्या शब्दांत मुलीपर्यंत पोचविले. पुढे मुलीने काय ठरविले, हे मी विचारलेले नाही. एकदा शेरा मारून झाला आहे. दुसऱ्यांदा तो मारण्याचा अधिकार मला नाही.