आडोसा

सौंसर-पांढुर्ण्याच्या रानात पावसाळ्यात तितर बोलू लागला की जुन्या शिकारीच्या गोष्टी निघतातच. काळ्या तितराच्या हाकेत उत्तरेकडे कुणाला ‘सुभान तेरी कुदरत’ ऐकू येते, कुणाला ‘लसूण प्याज अदरक’. (दोन भाषांत वाढलेल्या आपल्या पोरांना दोन्ही ऐकू येते, हे वेगळे.) जुने बंदूकवाले सांगत की पावसात पालापाचोळा वाजत नाही. पळसाच्या फांद्यांचा आडोसा करून निमूट बसावे, पाखरू आपल्या पायांनी पुढ्यात येते. फासे लावणारे तर पाळलेला तितर पिंजऱ्यात घालून ठेवीत. तो बोलला की ‘माझ्या हद्दीत हा कोण?’ म्हणून रानातला नर भांडायला धावत येई आणि फाशात अडके. तिकडे अमेरिकेत टर्की नावाच्या मोठ्या रानपक्ष्याची शिकार आजही याच रीतीने होते. ऐन विणीच्या दिवसांत, जमिनीवरच्या कापडी खोपटात बसून, मादीचा आवाज काढून नराला बोलावतात.

आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९९१च्या दुरुस्तीने परवाना काढून शिकार करण्याची वाटही बंद झाली. कायद्यापुरता प्रश्न मिटला. मला छळतो तो निराळाच प्रश्न. लपून मारणे हे समोरून मारण्यापेक्षा हीन आहे काय?

हा प्रश्न वालीने रामाला विचारला होता. दुसऱ्याशी झुंजत असताना, नजरेआडून बाण का मारलास? वाल्मीकींच्या रामाने दिलेल्या अनेक उत्तरांपैकी एक असे, की तू वानर आहेस, आणि पशूंना माणसे फासे टाकून, खड्डे करून, लपून वा उघड मारतातच. त्यात दोष नाही. रामाविषयी पूर्ण आदर ठेवून म्हणतो, हे उत्तर मला कधी पटले नाही. युद्धाचे नियम पशूला लागू नाहीत, इतकेच त्यातून सिद्ध होते. पशूचे आपण काहीच देणे लागत नाही, हे सिद्ध होत नाही.

महाभारतात पांडू हाच मुद्दा किंदम ऋषीपुढे मांडतो. मृगरूपात मृगीशी रत झालेल्या किंदमाला त्याने बाण मारला होता. मरता मरता किंदम काय म्हणतो ते पाहण्यासारखे आहे. तू हरिण मारलेस याचा राग नाही. ही वेळ टळेपर्यंत थांबला नाहीस, याचा आहे. म्हणजे आडोशाची तक्रारच नाही. तक्रार वेळेची आहे. आणि पावसाळा ही तितरांची, मोरांची वीण होण्याची वेळ. त्या दिवसांतली नराची हाक ही त्याच्या संसाराची हाक असते. तिच्यावरच नेम धरायचा, यात मला खरे हीनत्व दिसते.

फासेपारध्यांविषयी माधव गाडगीळांनी नोंदवलेली एक गोष्ट इथे आठवते. फाशात गाभण हरिणी किंवा पाडस सापडले तर हे लोक ते सोडून देत. ज्या हत्याराला आपण कपटी म्हणतो, त्यात हे शक्य होते. फाशातला जीव जिवंत हाती येतो, त्याच्याकडे बघता येते, गाठ सोडता येते. बंदुकीचा छर्रा सुटल्यावर नर की मादी, हे नंतर उचलताना कळते. तरी इंग्रजांच्या १८७१च्या कायद्याचा आधार घेऊन पारध्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवले गेले. तो शिक्का १९५२ साली निघाला, कागदावरून. हाके घालून वाघ पाडणारे राजे आणि साहेब मात्र त्याच काळात ‘शौकीन’ म्हणवले गेले.

म्हणून मी पारध्याच्या बाजूने झुकतो. पण पूर्ण नाही. पिंजऱ्यातला तो तितर राहतोच. तो काही कुणाला फसवत नव्हता. सकाळ झाली, ढग उतरले, म्हणून खऱ्या गळ्याने बोलत होता. त्याच्या भोवती फासे कुणी मांडले, हे त्याला ठाऊकही नव्हते.