बोगसचं यंत्र

पुन्हा “बोगस बियाणे जप्त”. पुन्हा टेबलावर मांडलेली पाकिटं, मागं रांगेत उभे अधिकारी आणि शेवटी ते ठरलेलं “आढळून आले”. या “आढळून आले”चा मला मनापासून राग येतो. बियाणं म्हणजे धुऱ्यावर आपोआप उगवलेलं गवत नव्हे. कुणीतरी सरकी जमवली, तिला रंग चढवला, पाकिटं छापून घेतली, रातोरात गाडी पैनगंगेच्या अलीकडं आणली. एवढे हात लागलेली वस्तू नुसती आढळते कशी?

बोगस हा शब्द इंग्रजीतला, हे आता कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. वावरात निंदणारी म्हातारीही “बोगस निंगालं” म्हणते. त्याची जन्मकथा मात्र ऐकण्यासारखी आहे. 1827 साली अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या पेन्सव्हिल गावी खोटी नाणी पाडणाऱ्यांकडं एक विचित्र यंत्र सापडलं. बघ्यांच्या गर्दीतून कुणीतरी त्याला बोगस म्हटलं आणि गावच्या वर्तमानपत्रानं तो शब्द उचलला. म्हणजे आधी यंत्र बोगस. मग त्यातून पडणारं नाणं बोगस. मग कुठलीही खोटी वस्तू बोगस. त्या गावकऱ्यांनी बोट योग्य जागी ठेवलं होतं. आपल्यापर्यंत शब्द पोचला तेव्हा यंत्र मागंच राहिलं होतं. इथं बियाणं बोगस, खत बोगस, औषध बोगस आणि ओरड केली की तक्रारही बोगस!

तक्रार बोगस ठरवायला एक सबब कायम तयार असते: “खोल पेरलं.” सोयाबीन उगवलं नाही की पाहणीला आलेला माणूस काडीनं माती उकरतो, बोटानं माप घेतो आणि सांगतो, “काका, खोल पडलं.” सोयाबीन तीन ते पाच सेंटिमीटरवर पेरावं, हे खरंच आहे. पण एकच वावर, एकच तिफण, एकाच सकाळची पेरणी. एका लॉटची तासं हिरवीगार आणि लागूनच दुसऱ्या लॉटची तासं काळीच्या काळी. मग बॅग बदलताच तिफणीचे दाते खोल गेले म्हणायचं? 2020 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातून सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. तेवढ्या साऱ्या माणसांचा हात एकाच आठवड्यात चुकला? या बियाण्याचं टरफल इतकं नाजूक की बॅग आदळली तरी उगवण घटते. कारखान्यापासून दुकानापर्यंत ती बॅग कुणी, कुठं, किती वेळा आपटली, हे काडी घेऊन मोजायला कुणी जात नाही. मोजायचं ते फक्त शेतकऱ्याच्या वावरात. 2017 साली फवारणीच्या विषानं आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली, तेव्हाही पहिला प्रश्न हाच होता: तोंडाला का बांधलं नाही?

“शेतकरीच चोर बीटी मागतो,” असंही म्हणतात. मागतो. निंदणाच्या मजुरीनं कंबर मोडली की तणनाशक सोसणारी सरकी माणूस मागणारच. ती वापरायला सरकारची परवानगी नाही आणि त्यानंही ती घेऊ नये, हे मी तोंडावर सांगतो. पण पाकीट त्यानं छापलेलं नाही.

“पक्कं बिल नाही,” म्हणतात. इथं मात्र मी शेतकऱ्यावरच चिडतो. बॅग खालून उसवा, वरचं लेबल शाबूत ठेवा, बिल मागा, मूठभर बी बाजूला काढा, हे मी भेटेल त्याला सांगत असतो. पोरं मान डोलावतात आणि पाऊस आला की दातांनी टॅग तोडून बांधावर फेकतात. तरीही त्या चुकीची शिक्षा अख्खा हंगाम असू नये. राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात 2012 साली सर्वोच्च न्यायालयानं शेतकऱ्याला ग्राहक मानलं आणि तपासणीसाठी बियाणं राखून ठेवण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येणार नाही, असं बजावलं. घेतलेलं सगळं बी तो पेरणारच. त्यासाठीच तर त्यानं पैसे मोजलेले असतात. न्यायमूर्तींना कळलेली ही गोष्ट पंचनाम्याच्या कागदावर अजून उतरत नाही.

नमुना प्रयोगशाळेत जातो, अहवाल येईस्तोवर पेरणीचे दिवस सरतात. दुबार पेरणीला पुन्हा कर्ज, पुन्हा तेच दुकान. आणि 1966 च्या बियाणे कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती? 500 रुपयांपर्यंत. 2025 च्या हंगामात बीटी कपाशीच्या एका पाकिटाची सरकारनं ठरवलेली कमाल किंमत 901 रुपये होती. कायद्याच्या या कलमापुरतं बोलायचं तर फसलेल्याचं एक पाकीट फसवणाऱ्याच्या दंडाहून महाग आहे. संपादक मित्रांनो, पुढच्या वेळी पाकिटांचा फोटो नसला तरी चालेल. ती कुठल्या छापखान्यात छापली आणि गोदाम कुणाच्या नावावर आहे, तेवढं छापा.