घरचा कोंबडा

झाबुआहून आणलेली कडकनाथची पिल्ले आम्ही इंदूरच्या परसात सहा महिने वाढविली. या जातीच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे आम्हांस कौतुक. हेतूही पहिल्यापासून पानात वाढण्याचाच. तरी तो दिवस उजाडला तेव्हा घरातले कोणी पुढे होईना. रोज दाणे टाकणाऱ्या हाताजवळ कोंबडा आपण होऊन आला, हेच अवघड झाले.

चाळीस वर्षे बाजारातून सोललेली कोंबडी आणताना आमचे मन कधी असे अडखळले नव्हते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मारणाऱ्याबरोबर विकत घेणारा, रांधणारा, वाढणारा आणि खाणारा यांनाही घातकांत गणले आहे. (त्या ग्रंथाचे इतर फारसे काही आम्ही मानीत नाही, हे सांगितलेले बरे.) तसे पाहता आमचे पाप जुनेच होते, आजवर ते दुसऱ्याच्या हातून होत असे, इतकेच.

खाटकाला बोलवावे, अशी सूचना निघाली. आणखी एक हात मध्ये घालण्याची लाज वाटली, म्हणून ती आम्ही नाकारली. सुरीला आदल्या रात्रीच धार लावली होती. मान एका घावात उतरली. पंखांची फडफड मात्र मिनिटभर चालली. जेवताना धाकट्या नातवाने ताट सारले. त्याला कोणी आग्रह केला नाही.