गळाला काय लागते?

आमच्या खाडीवर गळ टाकून बसलेली माणसे मी नेहमी पाहतो. बाजारात ताजी मासळी मिळत असता ही मंडळी तासन्‌तास का बसतात? आयझॅक वॉल्टन या इंग्रजाने १६५३ साली, देशातील यादवीनंतर, गळाच्या मासेमारीवर ग्रंथ लिहिला. त्यात माशांइतकेच महत्त्व निवांतपणाला आहे. नुसत्या बसणाऱ्याला जग आळशी म्हणते. हातात गळ असला की तोच उद्योगी ठरतो! पण गळाच्या टोकाला एक जीव तडफडतो, त्याचे काय? पोटासाठी मासे मारणाऱ्या कोळ्याला मी हे विचारणार नाही. हौसेने बसणाऱ्याला मात्र सांगेन: एकदा आमिषावाचून दोरी सोडून पाहा. मन रमले, तर तुमची ओढ पाण्याची. न रमले, तर शिकारीची. मग शांतीचे नाव पुढे करू नका.