वल्ली, मित्र आणि कायदा

कायद्यासमोर उभी असलेली व्यक्ती ही तत्त्वतः ‘कोणीही’ असते. तिच्या जागी दुसरी व्यक्ती असती तरी निवाडा तोच व्हावा, ही न्यायाची किमान अट होय. मैत्रीची अट नेमकी याच्या उलट आहे. मित्राच्या जागी दुसरा कोणी चालत नाही. चालत असेल तर त्या संबंधाला मैत्री म्हणणे कठीण. मित्रांमध्ये न्यायाची गरज उरत नाही, असे ॲरिस्टॉटल आपल्या नीतिशास्त्राच्या आठव्या पुस्तकात मैत्रीच्या गौरवार्थ म्हणतो. परंतु या विधानाला दुसरीही बाजू आहे. ज्याला मित्र आहे त्याला न्यायाच्या तराजूबाहेरचे काही मिळते, आणि ज्याला ते मिळत नाही त्याच्या दृष्टीने तो पक्षपात ठरतो. न्यायालयीन नाट्य हे या दोन अटींची गाठ पडण्याचे हक्काचे ठिकाण. प्रस्तुत लेखात ‘बॉस्टन लीगल’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेच्या आधारे एका मर्यादित प्रश्नाचा विचार करावयाचा आहे : विक्षिप्त पात्राविषयी आपल्याला वाटणारी ओढ नैतिकदृष्ट्या कितपत निर्दोष असते?

३ ऑक्टोबर २००४ ते ८ डिसेंबर २००८ या काळात एबीसी वाहिनीवर या मालिकेचे पाच पर्वांत १०१ भाग प्रसारित झाले. तिचा निर्माता डेव्हिड केली हा स्वतः एके काळी बॉस्टनमध्ये वकिली करीत असे. त्याच्याच ‘द प्रॅक्टिस’ (१९९७–२००४) या मालिकेतून ही मालिका निघाली. क्रेन, पूल अँड श्मिट ही वकिलांची श्रीमंत पेढी हे तिचे घटनास्थळ. डेनी क्रेन (विल्यम शॅटनर) हा पेढीचा वयोवृद्ध, बंदुकांचा शौकीन, रिपब्लिकन मताचा भागीदार; ॲलन शोर (जेम्स स्पेडर) हा तिखट जिभेचा, उदारमतवादी, साधनशुचितेची फारशी पर्वा न करणारा वकील. दिवसभर न्यायालयात युक्तिवाद होतात, निवाडे लागतात. आणि बहुतेक भागांच्या अखेरीस हे दोघे पेढीच्या सज्जात सिगार व व्हिस्की घेऊन बसतात. तेथे राजकारणापासून मृत्यूपर्यंत सगळे बोलणे होते, पण निवाडा लागत नाही. न्यायालय आणि सज्जा ही या मालिकेतील दोन परस्परविरोधी विश्वे होत.

आपल्या भाषेत अशा माणसाला ‘विक्षिप्त’ म्हणतात, तसेच ‘वल्ली’ही म्हणतात. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी सांगितल्या आहेत; त्यांतली ‘विक्षिप्त’ ही भूमी एरवी चंचल, पण अधूनमधून स्थिर होणाऱ्या चित्ताची. ऐन खटल्यात भरकटणारा आणि मध्येच एखादा क्षण लखलखीत शुद्धीवर येणारा डेनी या मूळ अर्थानेही विक्षिप्तच आहे. ‘वल्ली’ या शब्दाची जात वेगळी. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ (१९६२) या पुस्तकाने त्याला वाङ्मयीन प्रतिष्ठा दिली. ‘मी विक्षिप्त आहे’ असे कोणी म्हणू शकतो. ‘मी वल्ली आहे’ असे म्हणणे शोभत नाही. ती पदवी इतरांनी द्यावयाची असते, आणि ती देताना त्यांनी बरेच काही पोटात घातलेले असते. विक्षिप्तपणा हा एकाचा स्वभाव असतो. वल्लीपण हा अनेकांनी मिळून दिलेला परवाना असतो.

हा परवाना सर्वांना सारखा मिळतो काय? मालिका स्वतःच या प्रश्नाचे अस्वस्थ करणारे उत्तर देते. डेनीच्या बंदुका, स्त्रियांविषयीची त्याची बेताल वक्तव्ये, सहकाऱ्यांची त्याने उडविलेली त्रेधा हे सारे खपते, कारण दारावरच्या पाटीवर पहिले नाव त्याचे आहे. त्या खपण्याची किंमत पेढीतील इतरांना, विशेषतः स्त्रियांना, मोजावी लागते. ती आपल्या हसण्यात आपण बहुधा हिशेबात धरीत नाही. याच पेढीत जेरी एस्पेन्सन आहे. हात मांड्यांना चिकटवून चालणारा, विचित्र आवाज काढणारा, कायद्याचे विलक्षण ज्ञान असलेला हा माणूस. त्याला भागीदारी नाकारली जाते आणि अपमानाच्या त्या क्षणी तो शर्ली श्मिटच्या गळ्याला केक कापण्याची सुरी लावतो. त्याची अवस्था ‘ॲस्पर्जर’ म्हणून ओळखली जाते. (२०१३ पासून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात ही संज्ञा स्वतंत्र राहिलेली नाही, ती स्वमग्नतेच्या व्यापक वर्णपटात सामावली आहे.) एकाचा तऱ्हेवाईकपणा दंतकथा होतो, दुसऱ्याचा पदोन्नतीच्या आड येतो. तेव्हा वल्लीविषयीच्या आपल्या ओढीत सत्तेविषयीचा आदर किती आणि माणसाविषयीची माया किती, ही फोड करणे टीकाकाराला टाळता येत नाही.

बर्गसाँने हास्याची मीमांसा करताना (१९००) दोन गोष्टी सांगितल्या : जिवंत माणसात यांत्रिकता दिसली की आपण हसतो, आणि हसण्यासाठी हृदयाला क्षणभर बधिर व्हावे लागते. डेनी वेळीअवेळी स्वतःचेच नाव उच्चारतो. भेटताना, निरोप घेताना, युक्तिवादाऐवजीसुद्धा, नुसते ‘डेनी क्रेन’. ही पुनरावृत्ती बर्गसाँच्या अर्थाने निखळ विनोदी आहे. मात्र त्याला अल्झायमरची सुरुवात झाली आहे (तो तिला ‘मॅड काउ’ म्हणून उडवून लावतो), हे जसजसे स्पष्ट होत जाते, तसतसा त्याच उच्चाराचा अर्थ पालटतो. ज्याच्या हातून सगळे निसटत आहे असा माणूस शेवटची वस्तू घट्ट धरून आहे, असे आपल्याला वाटू लागते. नाव तेच, स्वर तोच. बधिरता मात्र उतरलेली असते. ज्याला आपण स्वभाव समजत होतो त्यातले किती लक्षण होते, हे आता सांगता येत नाही. आपली ओढ येथे कसोटीला लागते. विक्षिप्तपणा हा निवडलेला आहे, अशी आपली समजूत असते, म्हणून तो मोहक वाटतो. ती समजूत ढासळल्यावर प्रेक्षकाजवळ दया तरी उरते, नाहीतर संकोच.

ॲलनजवळ तिसरी गोष्ट आहे. तो डेनीला रुग्ण म्हणून वागवीत नाही आणि आजार नाहीच असे नाटकही करीत नाही. त्याला स्वतःला रात्री भीतीचे झटके येतात, आणि त्या रात्री डेनी त्याच्या सोबतीला असतो. तेव्हा उपकार एकतर्फी नाहीत. हा केवळ आपल्या माणसापुरते पाहणारा पक्षपाती आहे, असेही म्हणता येत नाही. पहिल्या पर्वाच्या अखेरीस टेक्ससमध्ये फाशी जाणाऱ्या एका अनोळखी माणसासाठी तो लढतो आणि हरतो. परक्यासाठी न्याय आणि मित्रासाठी न्यायाहून अधिक काही, अशी त्याची दुहेरी बांधिलकी आहे.

शेवटच्या भागात या बांधिलकीची कायद्याशी गाठ पडते. डेनीला प्रायोगिक औषध मिळावे म्हणून ॲलन सर्वोच्च न्यायालयात उभा राहतो, आणि हे दोघे मित्र विवाह करतात. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ मधील निर्णयानंतर तेथे १७ मे २००४ पासून समलिंगी विवाह कायदेशीर झाले होते. त्याचा आधार घेऊन डेनी ॲलनच्या हाती आपल्या उपचारांचे निर्णय आणि आपली मालमत्ता सोपवू पाहतो. ज्यांनी तो हक्क झगडून मिळविला, त्यांना हा विवाह थट्टा वाटणे स्वाभाविक आहे, आणि हा आक्षेप हलका नाही. परंतु विवाहाची वाट धरावी लागते, यातच मूळ व्यंग दिसते. जोडीदार, अपत्य, भावंड यांना कायदा नात्यानेच ओळखतो. मित्राला मुखत्यारपत्र देता येते, मृत्युपत्रात त्याचे नाव घालता येते. पण तेव्हा कायदा ओळखतो तो कागदातील नावाला. मित्र म्हणून मित्राला तेथे स्थान नाही. ज्या कायद्याने दोघांचे आयुष्य घडले, त्याच्या शब्दकोशात त्यांच्या नात्याला शब्द नाही, म्हणून त्यांना शेजारचा शब्द उसना घ्यावा लागतो.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथून द्यावयाचे. वल्लीविषयीची आपली ओढ निर्दोष नाही. तिच्यात सत्तेचे आकर्षण आहे आणि दुसऱ्याने मोजलेल्या किमतीवरचे हसू आहे. ती नैतिक ठरू शकते ती एकाच अटीवर : करमणूक संपल्यानंतरही ती टिकली पाहिजे. प्रेक्षकाला ही अट पाळावी लागत नाही, कारण १०१ व्या भागानंतर त्याची सुटका होते. डेनीचे विस्मरण मात्र त्यापुढेही वाढतच जाणार आहे, आणि ॲलनने स्वतःला बांधून घेतले आहे ते त्या पुढच्या काळाशी.