लयाचा क्रम

ज्याचा शेवट ठरलेलाच आहे त्याचा शेवट क्रमाने झाला काय आणि एकाएकी झाला काय, यात भेद कोणता, हा प्रश्न वेदान्ताने प्रलय आणि मरण या दोन्हींच्या संदर्भात विचारला आहे. बादरायणांच्या ब्रह्मसूत्रांत, दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात, महाभूतांचा लय उत्पत्तीच्या उलट क्रमाने होतो असा निर्णय आहे. आकाशापासून वायू, तेज, जल आणि पृथ्वी अशी परंपरा उपजली असेल, तर पृथ्वी सर्वांआधी जलात विरते आणि आकाशाची पाळी सर्वांत शेवटी येते. शंकराचार्यांनी भाष्यात जिन्याचा दाखला दिला आहे, की माणूस ज्या क्रमाने पायऱ्या चढतो त्याच्या उलट क्रमाने उतरतो. पण दाखल्यापेक्षा त्यामागचे कारण मोलाचे आहे. कार्य कारणाच्या आधाराने उभे असते, म्हणून कारण आधी नाहीसे झाले तर कार्याला टिकायलाही जागा उरत नाही आणि विरायलाही.

हाच युक्तिवाद संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये, म्हणजे यंत्र आणि प्रोग्राम यांच्यामध्ये राहून सारा कारभार पाहणाऱ्या मूळ प्रणालीत, प्रत्यक्ष वापरात आहे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या बहुतेक प्रमुख प्रकारांत प्रोग्राम क्रमाने सुरू करण्याचे आणि थांबवण्याचे काम २०१० साली पुढे आलेली सिस्टीम-डी ही व्यवस्था करते. कोणती सर्व्हिस, म्हणजे पडद्याआड अखंड चालणारा प्रोग्राम, कोणत्या सर्व्हिसनंतर सुरू व्हावी हे तिला सांगितलेले असते, आणि शटडाऊनच्या वेळी ती तोच क्रम उलटा लावते. त्यामुळे नेटवर्कवर विसंबून असलेली सर्व्हिस नेटवर्क चालू असतानाच थांबते आणि तिला आपला अखेरचा निरोप पोचवता येतो. थांबवताना प्रोसेसला, म्हणजे चालत्या स्थितीतील प्रोग्रामला, सहसा आधी सिगटर्म हा १५ क्रमांकाचा संकेत जातो, जो ऐकून तिला हातातील नोंदी लिहून घेता येतात. त्यासाठी सर्वसाधारणपणे ९० सेकंदांची मुदत असते, आणि ती उलटली की सिगकिल हा ९ क्रमांकाचा संकेत येतो, जो कोणत्याही प्रोसेसला अडवता किंवा हाताळता येत नाही.

क्रम पाळला गेला नाही तर काय होते, हे रत्नागिरी जिल्ह्यातील आंजर्ल्याच्या किनाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली तालुक्याचा किनारा झोडपला, नारळी-पोफळीच्या बागांबरोबर विजेचे खांबही आडवे झाले, आणि वीज अशी गेली की कोणत्याही चालत्या यंत्राला सिगटर्म मिळण्याचा प्रश्नच नव्हता. अशा वेळी हानी संपलेल्या प्रोसेसची होत नाही, कारण ती केव्हातरी संपणारच होती. हानी होते ती डिस्कवर अर्धवट राहिलेल्या नोंदींची, म्हणजे मागे उरणाऱ्याची. क्रमाचे मोल जाणाऱ्यापेक्षा उरणाऱ्यासाठी अधिक आहे, हे येथे स्पष्ट होते.

कोकणातील घरोघरीच्या पार्थिव गणपतीचा विधीही हेच सांगतो. मूर्ती आधी मखरात बसते आणि मग तिच्यात प्राणप्रतिष्ठा होते. निरोपाच्या वेळी उत्तरपूजेने, अक्षता वाहून, देवत्व आधी परत पाठवले जाते आणि त्यानंतरच माती पाण्यात जाते. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला मात्र हा विधी लागू नाही, कारण ती देवळातील स्थिर मूर्ती आहे.

मरणाविषयी छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात वाणी मनात, मन प्राणात, प्राण तेजात आणि तेज परदेवतेत, म्हणजे परब्रह्मात, लीन होते, असा क्रम आहे. येथे एक अडचण उभी राहते, कारण मन हे वाणीचे उपादान, म्हणजे ज्यापासून ती घडली ते द्रव्य, नाही. शंकराचार्यांचा उलगडा असा, की मनात लीन होते ती वाणीची वृत्ती, म्हणजे तिचा व्यापार. प्रत्यक्ष वाणी नव्हे. संगणकातही प्रोसेस संपते तेव्हा चालणे संपते, प्रोग्राम डिस्कवर जागच्या जागी राहतो. सर्वांआधी सुरू झालेली आणि सर्वांत शेवटपर्यंत उरणारी १ क्रमांकाची प्रोसेस परदेवतेच्या जागी मानण्याचा मोह येथे होऊ शकतो, पण तो टाळावा. वीज तोडण्याची अखेरची विनंती करणारी ती प्रोसेसही निर्माण झालेलीच आहे, आणि वेदान्तात तिच्या जवळचे स्थान कोणाचे असेल तर ते हिरण्यगर्भाचे, जो सर्वांआधी जन्मला आणि ज्यालाही महाप्रलयात लीन व्हावे लागते.