आवृत्तीचं नाव

गावोगावच्या वाचनालयांसाठी मुक्त सॉफ्टवेअर बनवणारी एक मंडळी होती. दिवसा नोकरी, रात्री हे काम. त्यांच्यातल्या धाकट्याने पुस्तकांचा शोध फार मेहनतीने सुधारला. पूर्वी 'पु. ल.'ऐवजी 'पू. ल.' टाइप केलं की यादी कोरी यायची. आता ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी पुस्तक सापडू लागलं.

धाकटा हरखला. सोयीला त्याने नाव दिलं 'प्रज्ञाशोध', आणि २.३ नंतर थेट ३.० जाहीर करायचं ठरवलं.

थोरलीने विचारलं, "३.० वाचून ग्रंथपालबाई काय समजतील?"

"सगळंच नवं झालं म्हणून."

"आणि देवघेवीची नोंद?"

"ती अजून जुनीच आहे, ताई."

तेव्हा थोरलीने त्याला केडीई या मुक्त डेस्कटॉपची हकिगत सांगितली. जानेवारी २००८मध्ये केडीई ४.० आलं. आतली बांधणी खरोखर नवी होती. हे अजून सगळ्यांसाठी नाही, असं करणारे सांगतही होते. पण लोकांनी आकडा वाचला. जुन्या ३.५मध्ये पडद्यावरची पट्टी हवी तशी लहान-मोठी करता यायची, ४.०मध्ये तेवढंही सहज जमेना. माणसं चिडली. खुद्द लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्सनेही केडीई सोडून गनोम हा दुसरा डेस्कटॉप धरला. पट्टीची सोय त्याच वर्षी जुलैत ४.१मध्ये आली, पण तोवर बोल लागला होता.

"काम खोटं नव्हतं रे," थोरली म्हणाली. "आकड्याने कामापेक्षा मोठा शब्द दिला होता."

धाकट्याने ३.० खोडून लिहिलं : 'आवृत्ती २.४. शोधाच्या अल्गोरिदममध्ये सुधारणा.'

"आता तू कामच लपवलंस! हे वाचून बाईंनी नवी आवृत्ती कशासाठी उतरवून घ्यायची?"

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात ही दुसरी चूकही होते, आणि तिच्यापायी कितीतरी चांगली कामं कुणाच्या हाती न लागता पडून राहतात.

शेवटी त्याने लिहिलं : 'आवृत्ती २.४. लेखकाचं किंवा पुस्तकाचं नाव लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, तरी पुस्तक सापडेल. देवघेवीची नोंद मात्र अजून पूर्वीसारखीच करावी लागेल.'

आठवड्याने एका ग्रंथपालबाईंचं उत्तर आलं. शोध छान चालतो, देवघेवीचं झालं की कळवा. आणि 'ऋषिकेश' लिहिलं तर 'हृषीकेश' येत नाही, तेवढं बघा.